चाळीस सेकंदांची शांतता

आमच्या यंत्रातला 'हं' माझ्या आवाजातला आहे. बाकीची वाक्यं एका निवेदिकेकडून रेकॉर्ड करून घेतली होती, पण तिचा 'हं' बातम्या वाचल्यासारखा यायचा. शेवटी मॅडम वैतागून मला म्हणाल्या, "अगं, तूच म्हण. घरून फोन आला की तू तेच तर करत असतेस." सगळे हसले, मीही हसले. काचेच्या खोलीत उभी राहून मी एकवीस तऱ्हेचे 'हं' म्हटले. त्यातले चार निवडले गेले.

'हं'ची कल्पनाही माझीच. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसांच्या उशाशी ठेवायचं एक डबीएवढं यंत्र आमच्या संशोधन केंद्रात तयार होत होतं. रोज सकाळी ते चौकशी करायचं: झोप लागली का, जखम कशी आहे, पायांना काही त्रास? माणसानं आपलं मोकळेपणानं बोलायचं. ते बोलणं दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत आमच्याकडे यायचं, आणि त्याचा गोषवारा हॉस्पिटलातल्या सिस्टरच्या पडद्यावर जायचा. प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला एक आकडा बांधलेला असतो. तुकडा वाटेत खराब झाला की आकडा जुळत नाही, मग तो परत मागवावा लागतो. सुरुवातीला यंत्र सरळ माणसालाच विचारायचं, "परत सांगता का?" चाचणीच्या तेवीस घरांपैकी नऊ घरांनी पहिल्याच आठवड्यात ते बंद करून ठेवलं. एका आजोबांनी तर लिहून पाठवलं, "तुमची पोरगी ठार बहिरी आहे. आधी तिलाच डॉक्टरकडे न्या."

मी म्हटलं, माणसाला विचारायचंच कशाला? बोललेला मूळ तुकडा यंत्राच्या पोटात असतोच. तोच गुपचूप पुन्हा मागवायचा आणि तेवढ्या वेळात नुसतं 'हं' म्हणायचं. माणसंही तेच करतात. महिन्याभरात यंत्र बंद करणारं एकही घर उरलं नाही. मॅडमनी केक मागवला.

त्यानंतर अकरा-बारा आठवड्यांनी, एका सकाळी, शेजारच्या टेबलावरून घुबड म्हणाला, "ऑपरेटर आजींचा पाय कापला."

घुबड म्हणजे माझा सहकारी. जाड चष्मा, आणि खुर्ची न हलवता नुसती मान वळवून बघण्याची सवय. पण त्या दिवशी तो पूर्ण खुर्ची फिरवून बसला होता.

ऑपरेटर आजी म्हणजे चाचणीतलं बारा नंबरचं घर. वय एकाहत्तर, हृदयाची झडप बदललेली, घरात एकट्या. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. यंत्र बसवायला मीच गेले होते. त्यांनी ते दोन मिनिटं ऐकलं आणि माझ्याकडे बोट रोखलं. "हा 'हं' तुझा की गं!"

"कसं ओळखलंत?"

"चौतीस वर्षं कानांवर पोट भरलंय माझं." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे पलीकडे तू असतेस तर. बरं झालं. यंत्राशी काय बोलायचं, मला सुचलं नसतं."

मी म्हणाले, "तसंच समजा ना आजी."

हे मी म्हणाले होते.

मॅडम आतून आल्या. "बारा नंबरच्या आजींच्या भाच्याचा फोन होता. पायात रक्ताची गुठळी अडकली होती. शेजारणीला बेशुद्ध सापडल्या, गुडघ्याखालून पाय काढावा लागला. आजींचं म्हणणं, तीन दिवस मी यंत्राला सांगत होते. सिस्टरच्या पडद्यावर तर काहीच नाही. तू नोंदी काढ गं जरा. आपली बाजू स्वच्छ आहे ना, बघ."

नोंदी काढल्या. तिन्ही सकाळी तोच प्रश्न, पायांना काही त्रास? आणि उत्तर: शांतता, चाळीस सेकंद. दुसऱ्या दिवशी शांतता, छत्तीस सेकंद. तिसऱ्या दिवशी बावीस. खाली गोषवारा: तक्रार नाही.

"गप्प बसल्या होत्या की बाई," घुबड माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला. "सुटलो."

मी हेडफोन लावला. पहिल्या दिवशी आजी म्हणत होत्या, "उजवं पाऊल जरा गा..." आणि तिथेच शांतता. कुणी 'गार' म्हणताना 'गा'वर थांबत नाही. शिवाय माणूस गप्प बसला तरी खोली गप्प बसत नाही. पंखा असतो, घड्याळ असतं, खाली कुणीतरी गाडी सुरू करत असतं, निदान श्वास तरी असतो. या शांततेत काहीच नव्हतं. शून्य. आणि त्या चाळीस सेकंदांत यंत्र नऊ वेळा 'हं' म्हणाल्याची खूण होती.

चूक शोधायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण ती कुठे ठेवलीय ते मला माहीत होतं. तुकडा दोनदा मागवूनही धड आला नाही तर सोडून द्यायचा, नाहीतर मागची सगळी रांग तुंबते. इथवर ठीकच. पण सोडलेल्या तुकड्याच्या जागी लिहायचं काय? गोषवाऱ्यात दोनच रकाने होते: बोलणं आणि शांतता. 'मिळालं नाही' असा तिसरा रकाना मला करायचा होता. करायला घेतलाही होता. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, टिकलीला ताप आहे, लगेच या. टिकली माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. मी त्या जागी शून्य टाकलं, बाजूला 'तात्पुरतं' अशी टीप लिहिली आणि पर्स उचलून पळाले. शून्य म्हणजे यंत्राच्या लेखी शांतता. ताप दोन दिवसांत उतरला. टीप तशीच राहिली.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, तेही सांगते. त्या दिवशी टिकलीला ताप आला नसता तर. साडेतीन वर्षांच्या पोरीवर खापर फोडून झाल्यावर मग मला माझी लाज वाटली.

"काय गं, सापडलं काही?" मॅडमनी विचारलं.

"बघतेय अजून," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. संस्थेतर्फे भेटून यायला हवं, म्हणाल्या. आजींची खाट खिडकीपाशी होती. पांघरूण उजव्या बाजूला गुडघ्यापर्यंत उंच होतं, पुढे एकदम सपाट. मी तिथे बघायचं नाही असं ठरवून तिथेच बघत राहिले. भाचा चाळिशीचा, दाढी वाढलेला, परगावाहून धावत आलेला. चार दिवसांत झोपला नसावा.

मला बघून आजी उठून बसायला लागल्या. "आली बघ! आता हिलाच विचार. मी तुला सांगितलं होतं ना गं? पहिल्याच दिवशी सांगितलं. तू 'हं' म्हणालीस."

भाच्यानं आमच्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता, तो आमची माफी मागत होता. तो हळूच म्हणाला, "असं चाललंय चार दिवस. यंत्र आणि माणूस यातला फरकच कळेनासा झालाय तिला."

"मला सगळं कळतं. मोठ्यानं बोल."

"आत्या, अगं, त्यांच्याकडे नोंद आहे. तू काही बोलली नाहीस."

"बोलले!" त्या माझ्याकडे वळल्या. "एक्स्चेंजमध्ये आम्ही प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचो. समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत तार सोडायची नाही. मी अशी अर्धवट सोडेन का? सांग ना गं याला."

खोलीत पंखा होता, शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं, बाहेर चाकांची खुर्ची गेली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

आजींनी माझ्याकडे बघणं थांबवलं आणि मान खिडकीकडे केली.

जिन्यात भाचा आमच्याबरोबर खाली आला. "एकटीला ठेवणं आता शक्य नाही. पायाचं जाऊ दे, माणसं कुबड्या घेऊन राहतात. पण हे डोक्याचं... उद्या गॅस चालू ठेवला आणि 'बंद केला' म्हणाली तर? एका वृद्धाश्रमाचा कागद आणलाय. शुक्रवारी सही करतोय. तिला घर सोडायचं नाहीये. रडते." त्यानं नाक पुसलं. "माझी आई गेल्यावर हिनंच केलंय माझं सगळं. पण काय करू, सांगा."

मॅडम म्हणाल्या, "योग्यच करताय."

यंत्राच्या पोटातलं मूळ बोलणं दहा दिवस टिकतं. मग नव्यासाठी जागा लागते म्हणून आपोआप पुसलं जातं. हा नियमही आमचाच. आजींच्या पहिल्या तक्रारीपासून तो सातवा दिवस होता. म्हणजे मला काही खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं, कुठे हात लावायचा नव्हता. नुसतं तीन दिवस थांबायचं होतं. एवढं सोपं पाप दुसरं कुठलं असेल?

आठव्या दिवशी मी यंत्र परत न्यायच्या निमित्तानं आजींच्या घरी गेले. भाचा वरच्या फळीवरची भांडी खोक्यात भरत होता. "आत बेडरूममध्ये बघा, कुठेतरी असेल."

यंत्र उशाशी नव्हतं. लोखंडी कपाटात मधल्या फळीवर होतं, वायर दाराच्या फटीतून बाहेर आलेली आणि वर एक घडी घातलेला रुमाल. धूळ बसू नये म्हणून पांघरलेला. लोखंडी कपाट! त्यातून सिग्नल धड बाहेर येणार कसा, तुकडे खराब होणार नाहीत तर काय होईल? क्षणभर मला केवढं हलकं वाटलं. मी तर उशाजवळच्या खिडकीत ठेवून गेले होते, आत ठेवलं त्यांनी. मग रुमालाकडे लक्ष गेलं. चारी कडांना हातानं घातलेली बारीक शिवण होती.

बसथांब्यावरच्या बाकावर बसून मी यंत्राला हेडफोन जोडला.

पहिला दिवस. आजींचा आवाज चांगला खणखणीत. "उजवं पाऊल जरा गार लागतंय. घोट्यापासून खाली. डावं ठीक आहे. बोटं निळसर झालीत, अंगठा आणि शेजारची दोन, एकूण तीन. काल संध्याकाळी सहापासून. घेतलंस लिहून?"

'हं.'

"बरं. मग सिस्टरचा फोन येईपर्यंत मी पाय हलवत नाही."

'हं.'

दुसरा दिवस. "पावलाला बोट लावलेलं कळत नाही. फोन आला नाही अजून. त्यांना घाई असेल, मी समजते. पण तू निरोप दिलास ना?"

'हं.'

तिसऱ्या दिवशी आवाज बसला होता. "तुला सांगितलंय म्हणून मी दुसऱ्या कुणाला त्रास दिला नाही हो."

'हं.' चार निवडलेल्यांपैकी हा तिसरा. सगळ्यांत मायाळू वाटतो म्हणून मॅडमना आवडलेला.

माझी बस आली आणि गेली. मग दुसरीही.

त्या संध्याकाळी टिकली पाळणाघरातली काहीतरी मोठी हकिगत सांगत होती, कुणी कुणाला चावलं, मग कुणाला कोपऱ्यात बसवलं. मी तिला प्रत्येक वाक्याला थांबवत होते. कोण चावलं? कुठे? परत सांग. चौथ्यांदा ती पाय आपटून म्हणाली, "सांगितलं ना! तू सारखं सारखं नको विचारू!" आणि बाबाकडे निघून गेली. नवरा म्हणाला, "काय उलटतपासणी लावलीयस पोरीची?" मी त्याला सगळं सांगितलं. तो टिकलीला झोपवून आला. मग म्हणाला, "तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात आहे ना नूतनीकरणाला?" हे त्यानं वाईट अर्थानं विचारलं नव्हतं. ते माझ्याही डोक्यात होतंच.

नवव्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या टेबलावर यंत्र ठेवलं आणि त्यांना ऐकवलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंतच ऐकलं, मग हेडफोन काढून ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, हे मला लिहायला हवं.

"आता तूर्त सगळ्या घरांतली यंत्रं बंद करू," त्या म्हणाल्या. "आजच. आणि ही चूक तुझी एकटीची नाही. तपासून पुढे पाठवलं ते मी. अहवालात नीट मांडू. वकिलांना दाखवून, भाषा बघून. दोन आठवडे दे मला."

"भाचा उद्या सही करतोय, मॅडम."

"ती त्यांची घरची बाब आहे."

"नोंद दाखवूनच तो तिला वेडी ठरवतोय. नोंद आपली आहे."

मॅडमनी कपाळ चोळलं. "तू आत्ता गेलीस तर मी तुला पाठीशी घालू शकणार नाही. धमकी नाही देत, समजून घे. लहान मूल आहे तुला."

"म्हणूनच इतके दिवस गप्प बसले," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच मला कळलं की हेही खरं नाही. टिकली नसती तरी मी गप्पच बसले असते. मी मुळातच घाबरट आहे, पदरात पोर आहे म्हणून नव्हे.

मी यंत्र उचललं. त्यांनी अडवलं नाही.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा तीन वाजले होते. वर जाण्याआधी डॉक्टरांना गाठलं आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. मग वर गेले. भाचा खाटेशेजारी स्टुलावर होता, मांडीवरच्या बॅगेवर तो कागद. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

बसमध्ये मी सुरुवात कशी करायची ते पाठ करून आले होते. त्यातलं काहीच आठवलं नाही. "आजी, तुम्ही सांगितलं होतंत," मी म्हणाले.

त्या वळल्या नाहीत. भाचा म्हणाला, "काय?"

"यांनी तिन्ही दिवस सांगितलं होतं. नीट, सगळं. बोलणं आमच्यापर्यंत पोचलं नाही, आणि जे पोचलं नाही ते शांतता म्हणून लिहिलं गेलं. ते तसं मी लिहिलं होतं. म्हणजे यंत्रानं, पण यंत्राला मी." मी यंत्र त्याच्या हातात दिलं. "यात आहे. त्यांच्या आवाजात."

त्यानं ऐकलं. पूर्ण ऐकलं. तिसऱ्या दिवसाला त्यानं डोळे मिटले. मग हेडफोन काढून तो मला म्हणाला, "परवा तुम्ही इथेच उभ्या होतात. तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"ती तुम्हाला विचारत होती. माझ्यासमोर."

"हो."

"आणि मी तिला..." तो उठून खिडकीशी गेला, परत आला, परत गेला.

आजी आता वळल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. "मला वाटायला लागलं होतं, मी खरंच बोलले नसेन," त्या म्हणाल्या. "पडल्या पडल्या आठवत होते, काय काय शब्द वापरले. शब्द सापडायचे. मग वाटायचं, हेही मी आत्ताच जुळवलेत. पायाचं एवढं नव्हतं गं. पण ते फार वाईट होतं."

मी मान हलवली. रडायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या रडण्याची समजूत काढायचं काम त्यांच्यावर पडायला नको होतं.

"पहिल्या दिवशी निरोप पोचला असता तर पाय राहिला असता?"

भाचा चटकन म्हणाला, "आत्या, कशाला आता ते..."

"तुला नाही विचारलं."

"मी खाली डॉक्टरांना विचारून आले," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी बहुतेक राहिला असता, म्हणाले. दुसऱ्या दिवशीचं सांगता येत नाही."

त्यांनी ते ऐकून घेतलं. बराच वेळ त्या पांघरुणाच्या सपाट बाजूकडे बघत होत्या. मग भाच्यापुढे हात केला. "तो कागद दे."

त्यानं दिला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही, चार घड्या केल्या आणि उशाखाली सरकवला. "बाहेरच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. तिथे उतार करून घ्यावा लागेल, खुर्ची जाईल असा. गवंडी बघ. आणि भांडी किती बांधलीस?"

"निम्मी," भाचा म्हणाला.

"सोडवून ठेव परत. जिथली तिथे."

तो हो हो म्हणत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे सगळं लेखी लागेल मला. तुमच्या सहीचं."

"आत्ता देते," मी म्हणाले. बॅगेतून वही काढली, स्टुलावर बसून दोन पानं लिहिली. कुठल्या दिवशी काय झालं, काय मिळालं नाही, ते शांतता म्हणून कुणी लिहिलं आणि ते कळल्यावरही मी किती दिवस बोलले नाही. तारखा घातल्या. सही केली. पाळणाघराची वेळ होत आली होती. नवऱ्याला फोन करून सांगितलं, आज तू घे तिला.

कागद देताना दिसलं की आजींचं पांघरूण एका बाजूनं घसरून जमिनीला लागलंय, आणि पट्ट्या बांधलेला गुडघा उघडा पडलाय. मी वाकून ते उचलायला हात पुढे केला.

"तू नको," आजी म्हणाल्या. त्या रागानं बोलल्या नाहीत. "सिस्टरला बोलव."

मी उठले आणि सिस्टरला बोलवायला गेले.